स्काउट संघांना आणि शिबिराला दंतकथेतून नाव कसं द्यावं: नव्या स्काउटमास्तर आणि गाइड कॅप्टनसाठी

शाळेने स्काउट-गाइडचं काम अंगावर टाकलं की पहिल्याच आठवड्यात संघांची नावं ठरवायची वेळ येते. बहुतेक ठिकाणी हे काम दहा मिनिटांत उरकतं. मुलांचे वाघ, सिंह, चित्ता, गरुड. मुलींचे गुलाब, कमळ, मोगरा, जाई. नावं वाईट नाहीत, पण त्यांच्यामागे सांगण्यासारखं काही नसलं तर महिन्याभरात मुलं ‘आपला संघ कोणता’ याऐवजी ‘आपण तिसऱ्या रांगेतले’ असं म्हणू लागतात. ज्या नावाला गोष्ट असते ते टिकतं. ती गोष्ट शोधायची, पारखायची आणि शिबिरात उतरवायची कशी, ते इथे क्रमाने दिलं आहे. सगळ्याला साधारण तीन ते चार बैठका लागतात. घाई करू नका.

पहिली पायरी: नाव कशासाठी असतं ते आधी समजून घ्या

१९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर भरवलं. वीसेक मुलं होती. त्यातली काही ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली, तर काही पूल आणि बोर्नमथ भागातल्या कामकरी घरांतली. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही मुलं एरवी एका पंगतीला बसली नसती. त्यांचे चार संघ केले: बैल, लांडगे, कर्ल्यू पक्षी आणि डोमकावळे. प्रत्येकाच्या खांद्यावर संघाच्या रंगाची लोकरीची गाठ होती. बैलांची हिरवी, लांडग्यांची निळी, कर्ल्यूंची पिवळी, डोमकावळ्यांची लाल. त्या आठवड्यात कोण कुठल्या घरातला यापेक्षा कोण कुठल्या संघातला हे महत्त्वाचं ठरलं.

आपल्याकडे ‘अ’ तुकडी आणि ‘ब’ तुकडी, सेमी आणि मराठी माध्यम, गावातली आणि वस्तीवरची असे भेद असतात. संघाचं नाव हे भेद बाजूला सारण्यासाठी आहे. म्हणून संघ पाडताना एका बाकावरची मुलं एकत्र ठेवू नका. आधी ६ ते ८ जणांचे मिश्र संघ करा, नाव त्यानंतर. एकाच टोळक्याला नाव मिळालं तर ते टोळकंच राहतं, फक्त झेंड्यासकट.

ब्राउनसीहून आणखी एक गोष्ट घ्या. नावाला आवाज हवा. कर्ल्यू शीळ घालतो, बैल हंबरतो, लांडगा ओरडतो. पुढे बेडन-पॉवेल यांनी प्रत्येक संघाला आपल्या प्राण्याची हाक अवगत असावी असा नियमच केला. अंधारात, रानात, एकमेकांना न दिसता ओळखायचं तर तेच साधन होतं. चित्त्याची हाक तुमच्या पथकात कोण काढून दाखवणार?

दुसरी पायरी: मुलांना विचारा, आणि खरोखर विचारा

१९१४ साली गाइडिंगमध्ये लहान मुलींचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याला ‘रोझबड्स’ म्हणजे गुलाबकळ्या असं नाव दिलं होतं. मोठ्यांना गोड वाटलेलं ते नाव मुलींना मुळीच आवडलं नाही. मग इंग्रज लेखिका ज्युलियाना यूइंग यांच्या एका कथेवरून ‘ब्राउनी’ हे नाव आलं. ब्राउनी म्हणजे स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या लोककथांतला घरगुती भूतबाळ्या. घरातली माणसं झोपली की तो गुपचूप कामं उरकून जातो. मुलींना हे पटलं, कारण त्यात त्यांना काहीतरी करायचं होतं. नुसतं उमलायचं नव्हतं. पुढे ब्राउनींच्या छोट्या गटांना एल्फ, पिक्सी, केल्पी अशी ब्रिटनमधल्या लोककथांतली नावं मिळाली. भारतात हा विभाग ‘बुलबुल’ झाला आणि ते उत्तम झालं. बुलबुल आपल्या अंगणातला, त्याचा आवाज प्रत्येक मुलीने ऐकलेला.

लहान मुलग्यांच्या ‘कब’ विभागाची गंमत उलटी. १९१६ साली त्यासाठी किपलिंगच्या जंगलकथांमधून अकेला, बालू, बगीरा ही नावं घेतली गेली. त्या कथांमधले डोंगर म्हणजे मध्य प्रदेशातलं सिवनी, पेंचचा पट्टा, ज्याचा खालचा भाग महाराष्ट्रात नागपूरजवळ येतो. हिंदुस्थानातली नावं इंग्लंडमार्गे परत हिंदुस्थानातल्या शाळांत आली. तुमच्या शाळेत कब पथक असेल तर ‘अकेला’ कुठून आला हे मुलांना नकाशावर दाखवा. विदर्भातल्या मुलांना तर ते रान आपलंच आहे.

तर पहिल्या बैठकीत नावं सुचवू नका. मुलांना घरी पाठवताना एवढंच सांगा: आजीला, आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की आपल्या भागातल्या कुठल्या पक्ष्याबद्दल, प्राण्याबद्दल, फुलाबद्दल किंवा डोंगराबद्दल गोष्ट सांगतात. वहीत लिहून आणा. कोणी सांगितली तेही लिहा. निम्मी मुलं मोबाइलवरून उतरवून आणतील. ते ओळखायला सोपं असतं, कारण त्यात आजीचा एकही शब्द नसतो.

तिसरी पायरी: पक्षी, प्राणी, फुलं यांतून निवडा

वाघ-सिंह टाळा असं मी म्हणत नाही. वारली पाड्यांवर वाघदेवाची पूजा होते, मावळात आणि कोकणात गावाच्या वेशीवर वाघोबाचे दगड असतात, तिथल्या शाळेत ‘वाघ’ हे नाव जिवंत आहे. फक्त तो ज्यांचा देव आहे त्यांची मुलं पथकात असतील तर त्यांच्या घरच्यांना विचारून घ्या. पण बाकीच्यांनी जरा खाली, झुडपांत आणि माळावर बघावं.

माझी पहिली शिफारस पावशा. जूनच्या तोंडावर त्याची हाक सुरू होते आणि शेतकऱ्यांना त्यात ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ऐकू येतं. नाव, गोष्ट आणि आरोळी हे तिन्ही एकाच पक्ष्यात आयतं मिळतं. शिबिरात पहाटे संघनायकाने ‘पेरते व्हा’ म्हटलं की सगळ्यांनी उठून कामाला लागायचं, एवढं ठरवलं की पुरे. पावशा आणि चातक यांत मुलांचा घोळ होतो, तो मात्र आधीच सोडवा. चातक काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला. तो फक्त पावसाचे थेंब पितो ही कविकल्पना आहे. तो पावसाळ्याच्या सुमारास आफ्रिकेकडून येतो हे खरं आहे, आणि आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो हेही खरं आहे. ‘चातक’ नाव घेणाऱ्या संघाला हे शेवटचं सांगितलं की बाकीचे संघ वर्षभर चिडवतात. तरीही सांगाच. कथा आणि पक्षी दोन्ही माहीत असावेत.

दुसरी शिफारस टिटवी, आणि ही थोडी वादाची आहे. ब्राउनसीच्या कर्ल्यूला आपल्याकडे जवळचा नातेवाईक शोधायचा तर तो हाच: पाणथळीला, माळावर राहणारा, लांब पायांचा, दुरून ओळखू येणाऱ्या हाकेचा. टिटवीच्या जोडप्याने अंडी वाहून नेणाऱ्या समुद्राशी भांडण मांडलं आणि शेवटी गरुडाच्या मदतीने अंडी परत मिळवली, ही पंचतंत्रातली गोष्ट. ज्ञानेश्वरांनी गीतेवर बोलण्याचं आपलं धाडस सांगताना चोचीने समुद्र मोजायला निघालेल्या टिटवीचाच दाखला दिला आहे. ती पाय वर करून झोपते, आभाळ पडलं तर तोलायला, असंही गावोगाव सांगतात. सहा-आठ चिमुकल्यांच्या संघाला याहून चांगली गोष्ट सापडायची नाही. अडचण अशी की रात्री टिटवी ओरडली की अशुभ, असं मानणारी घरं आजही आहेत. इंग्लंडच्या लोककथांतही रात्री शीळ घालत जाणाऱ्या सात पक्ष्यांची भीती होती आणि ते पक्षी म्हणजे कर्ल्यूच असं पुष्कळ ठिकाणी मानत, तरी बेडन-पॉवेल यांच्या पोरांनी ती शीळ घातलीच. पालकसभेत कोणी विचारलं तर ज्ञानेश्वरीतला दाखला पुढे करा. सहसा तेवढ्यावर भागतं.

हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. तो जमिनीला पाय लावत नाही, पाणी प्यायला उतरला तरी पायात काडी धरून उतरतो, असं सांगतात. त्याची शीळही गोड आहे, शिट्टी वाजवता येणारं एक मूल संघात असलं तर हे नाव द्या. शेकरू राज्यप्राणी. भीमाशंकरच्या बाजूची शाळा असेल तर दुसरं नाव शोधायची गरज नाही. मात्र रामाने सेतू बांधताना खारीच्या पाठीवरून बोटं फिरवली आणि पट्टे उमटले, ती गोष्ट शेकरूला चिकटवू नका. शेकरूच्या पाठीवर पट्टे नसतात. ती गोष्ट अंगणातल्या साध्या खारीची आहे.

गाइडच्या संघांना फुलांची नावं देण्याची रीत आहे, आणि फुलांच्या कथा तर वाट्टेल तेवढ्या. पारिजातकाचं झाड कृष्णाने सत्यभामेच्या अंगणात लावलं आणि फुलं पडली रुक्मिणीच्या दारात. केवड्याने ब्रह्मदेवासाठी खोटी साक्ष दिली म्हणून शंकराच्या पूजेतून तो बाद झाला. ‘केवडा’ संघाने खरं बोलायचं व्रत घ्यायचं, असं एका गाइडनेच सुचवलं तर नवल नाही. अशोकाला स्त्रीने लाथ मारली की तो फुलतो हा संस्कृत कवींचा संकेत मुलींना फार आवडतो. बकुळीबद्दलही तसाच एक संकेत आहे, पण तो शाळेत सांगण्याजोगा नाही. ताम्हण हे राज्यफूल. दिसायला देखणं, पण त्याची कथा कोणाच्या आजीकडे मिळाली तरच घ्या.

काय टाळावं तेही सांगतो. देवांची, संतांची आणि महापुरुषांची नावं संघाला देऊ नका. स्पर्धा झाली की ‘अमुक हरले, अमुक शेवटचे’ असं ओरडलं जातंच, आणि संडास सफाईची पाळी फळ्यावर लिहावी लागते. त्या जागी थोरामोठ्यांचं नाव आलं की आधी अवघडलेपण येतं, मग तक्रार.

चौथी पायरी: शिबिराचं नाव जागेवरून घ्या

संघाचं नाव वर्षानुवर्षं चालतं, शिबिराचं नाव त्या जागेचं असावं. जागा ठरली की तिथल्या डोंगराला, कुंडाला, कड्याला काय म्हणतात आणि का म्हणतात ते विचारा.

भारत स्काउट्स आणि गाइड्सचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे. पुढेमागे तुम्हाला प्रशिक्षणाला तिथे जावं लागेल, तेव्हा डोळे उघडे ठेवून जा. गावाचं नाव पाच मढ्यांवरून, म्हणजे पांडव वनवासात राहिले त्या पाच गुंफांवरून आलं असं सांगतात. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांच्या मते त्या गुंफा बौद्ध भिक्षूंच्या, पांडवांच्या कथेनंतर कितीतरी शतकांनी कोरलेल्या. जटाशंकराच्या गुहेत भस्मासुराच्या भीतीने शंकर लपला होता. हांडी खोहच्या दरीत शंकराने एका मोठ्या सर्पाला कोंडलं. चौरागडावर त्रिशूळांचा खच पडलेला दिसतो, तो महाशिवरात्रीला येणाऱ्या भाविकांचा, आणि त्यात विदर्भातून खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढणारे पुष्कळ. एकाच टेकडीवर गोंड, शैव, बौद्ध आणि महाभारताचा पांडव अशा चार थरांच्या आठवणी एकमेकींवर बसल्या आहेत. दंतकथा वाचायला शिकायचं असेल तर ही जागा उत्तम शाळा आहे.

महाराष्ट्रात चिखलदऱ्याला शिबिर असेल तर भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा आणि पुढे चिखलदरा, ही कथा तिथला कुठलाही वाटाड्या सांगेल. भीमाने हात धुतले ते भीमकुंडही दाखवेल. शिबिराला ‘भीमकुंड’ म्हणा, पण एखाद्या संघाचं नाव ‘कीचक’ ठेवण्याचा उत्साह आवरा.

गाइडच्या शिबिरासाठी मला सगळ्यात आवडते ती कळसूबाईची कथा. १६४६ मीटरचं राज्यातलं सर्वोच्च शिखर, आणि नाव एका कोळ्याच्या मुलीचं. ती पायथ्याच्या इंदोरे गावात कामाला राहिली तेव्हा तिने अट घातली होती की केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एक दिवस तेच काम सांगितलं गेलं, आणि ती डोंगरावर निघून गेली, ती कायमचीच. शिबिराचं नाव ‘कळसू’ ठेवलंत की भांड्यांच्या पाळीवरून पहिल्या संध्याकाळीच वाद होणार हे गृहीत धरा. तो होऊ द्या. मुली कथेत शिरल्या असा त्याचा अर्थ.

पाचवी पायरी: गोष्ट पारखा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. प्रत्येक कथेसमोर वहीत दोन रकाने करा: ‘सांगतात’ आणि ‘लिहिलेलं सापडतं’. दुसरा रकाना रिकामा राहिला तरी चालेल, पण तो असू द्या.

सिंहगडाचं उदाहरण घ्या. ४ फेब्रुवारी १६७० ला तानाजी पडले, महाराज म्हणाले ‘गड आला पण सिंह गेला’, आणि कोंढाण्याचा सिंहगड झाला, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. पण १६७० च्या आधीच्या पत्रांतही ‘सिंहगड’ हे नाव येतं. कड्यावर चढलेली यशवंती घोरपड तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून येते. सभासदाच्या बखरीत मावळे वानरांसारखे कडा चढले एवढंच आहे. आणि घोरपडीने कडा चढल्याची कथा घोरपडे घराण्याच्या नावाशीही जोडलेली आहे, ती बहमनी काळातली. म्हणजे एकच घोरपड दोन शतकांच्या अंतराने दोन किल्ल्यांवर चढली. याने तानाजींचा पराक्रम तसूभरही कमी होत नाही. ‘घोरपड’ हे संघाचं नाव म्हणून झकास आहे, दोरी, गाठी आणि चढाई यांत तरबेज व्हायचं असलेल्या संघासाठी तर खासच. फक्त मुलांना सांगताना ‘पोवाड्यात असं आहे’ म्हणा.

एकाच घटनेवर अनेक गावं हक्क सांगतात हेही दिसेल. जटायू पडला तो इगतपुरीजवळच्या सर्वतीर्थ टाकेदला, असं नाशिककर म्हणतात. आंध्रातलं लेपाक्षी आणि केरळातलं चडयमंगलमही तेच म्हणतं. वाईला विराटनगरी म्हणतात आणि राजस्थानातलं बैराटही विराटाचंच. अशा वेळी निकाल देत बसू नका. तुमचं शिबिर टाकेदला असेल तर जटायू टाकेदचा.

खुद्द चळवळीतल्या कथांनाही हीच चाळणी लावा. दक्षिण आफ्रिका खंडातल्या माटाबेले लोकांनी बेडन-पॉवेल यांना ‘कधी न झोपणारा लांडगा’ म्हटलं, असं ते स्वतः सांगत. त्या भाषेतला मूळ शब्द तरसाचा आहे. लांडगा कितीतरी संघांचं नाव झाला, तरस कुणीच घेतलं नाही. अमेरिकेत तर उन्हाळी शिबिरांच्या तळ्यांना, कड्यांना ‘इंडियन राजकन्येची’ दंतकथा जोडायची टूमच निघाली होती. त्यातल्या अनेक कथा तिथल्या मूळ रहिवाशांनी कधी ऐकल्याही नव्हत्या, शिबिर चालवणाऱ्यांनीच रचल्या होत्या. तुम्हाला गोष्ट रचायची असेल तर खुशाल रचा, मुलांना रचायला लावा. पण ती ‘इथले आदिवासी सांगतात’ म्हणून खपवू नका. त्या पाड्यावरचं एखादं मूल तुमच्यासमोर बसलेलं असू शकतं.

सहावी पायरी: नाव अंगावर चढवा

नाव ठरलं की चार गोष्टी त्याच आठवड्यात करून घ्या. त्रिकोणी झेंडा, ज्यावर चिन्ह मुलांनीच काढलेलं असेल. मापं आणि रंगांचे नियम जिल्हा कार्यालयाकडून विचारून घ्या. हाक, जी शंभर पावलांवरून ओळखू यावी. आरोळी, चार ओळींपेक्षा लांब नको. आणि सही: संघातल्या प्रत्येकाने आपल्या नावाजवळ प्राण्याचं किंवा फुलाचं छोटं चित्र काढायचं, खुणांचा माग घेण्याच्या खेळात हीच सही झाडाखाली चिठ्ठीवर वापरायची.

शिबिरात संघाचा कोपरा आणि गॅजेटं (काठ्या-दोरीने बांधलेल्या कामाच्या वस्तू) नावाला साजेशी करता येतात. पावशा संघाने बांबूच्या फाटकावर पेरणीचं तिफण बांधलं, केवडा संघाने भांड्यांच्या मांडणीला खरं-खोटं मोजायचा तराजू लटकवला, असं काहीतरी. गुण याला द्या, रंगीत कागदाला नको.

शेकोटीला गोष्ट सांगायची ती संघनायकाने, तुम्ही नाही. पाच मिनिटं पुरेत. पहिल्या रात्री चार संघांनी एकामागून एक सांगितल्या तर मुलं पेंगतात. म्हणून रोज एक. अभिनय करायचा असेल तर टिटवी आणि समुद्राची गोष्ट सगळ्यात सोपी, समुद्र व्हायला चादर पुरते.

सातवी पायरी: लिहून ठेवा आणि पुढच्यांच्या हाती द्या

संघाच्या लॉगबुकाच्या पहिल्या पानावर नाव, गोष्ट, ती कोणाच्या घरून आली आणि दोन्ही रकाने उतरवा. नवं मूल दीक्षाविधीच्या आधी संघात आलं की त्याला ही गोष्ट जुन्या मुलाने सांगायची आणि त्याने ती दुसऱ्या बैठकीत परत सांगून दाखवायची. शब्द बदलले तर बदलू द्या.

दरवर्षी नावं बदलायची हौस शाळांमध्ये असते, विशेषतः प्रमुख बदलले की. ती मोडून काढा. नाव बदलायचं असेल तर संघाने कोर्ट ऑफ ऑनरमध्ये, म्हणजे संघनायकांच्या बैठकीत, कारण सांगावं, आणि ‘आवडत नाही’ हे पुरेसं कारण समजावं, गुलाबकळ्यांना तेवढंच पुरलं होतं. जुना झेंडा मात्र फेकू नका. घडी घालून लॉगबुकाबरोबर कपाटात ठेवा, आणि त्यावर संघाचं नाव व वर्ष लिहायला विसरू नका. पुढच्या स्काउटमास्तरला तो कोणाचा हे विचारायला तुम्ही तिथे असालच असं नाही.